गोटी सोड्याची बाटली आणि ‘कॉड्सवॉलप’: ही व्युत्पत्ती का टिकत नाही

प्रश्न विचारणाऱ्या वाचकांचा गोटी सोड्याचा पिढीजात धंदा आहे. त्यांच्या इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या पुतण्याने त्यांना कळवलं, की इंग्रजीत ‘मूर्खपणाची बडबड’ या अर्थाने वापरतात तो ‘कॉड्सवॉलप’ शब्द आपल्याच बाटलीमुळे जन्माला आला. ती बाटली ज्यांनी शोधली त्या हायरम कॉड यांचं नाव त्या शब्दात दडलेलं आहे म्हणे. वाचकांना हे दुकानातल्या फलकावर लिहायचं आहे आणि त्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

लिहिण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. थेट उत्तर असं: बाटलीचा आणि कॉड यांचा भाग पूर्ण खरा आहे, तो अभिमानाने लिहा. शब्दाचा भाग लिहू नका. त्याला पुरावा नाही, आणि जो पुरावा आहे तो उलट दिशेला जातो. इंग्रजी शब्दांच्या नोंदी तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि या एका शब्दाबद्दल मला सारखं विचारलं जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती गोष्ट नीट मांडू, म्हणजे तिची ताकद कशात आहे ते कळेल. कॉड यांनी १८७० च्या दशकात गोटीची बाटली काढली. तिच्यातून लेमोनेड, जिंजर बीअर अशी नशा न आणणारी पेयं खपू लागली. इंग्लंडच्या पबमधल्या बोलीत बिअरला ‘वॉलप’ म्हणतात. मग बिअर पिणाऱ्या गड्यांनी या मिळमिळीत पेयाला हिणवून ‘कॉड्झ वॉलप’, म्हणजे ‘कॉडची बिअर’ म्हटलं. पुढे ज्याच्यात काही दम नाही अशा कुठल्याही बोलण्याला तोच शब्द चिकटला. झाली व्युत्पत्ती.

ही गोष्ट पटते, कारण तिचा प्रत्येक तुकडा सुटा घेतला तर खरा आहे. कॉड नावाचा माणूस होता. बाटली होती. ‘वॉलप’चा अर्थ बिअर असा होतो. शब्द आहे आणि त्याचा अर्थही तोच आहे. अडतं ते हे तुकडे एकमेकांना जोडताना.

बाटलीपासून सुरुवात करू, कारण ती खरोखर अभ्यासण्यासारखी वस्तू आहे. हायरम कॉड यांचा जन्म १८३८ चा, इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या बेरी सेंट एडमंड्स या गावचा. ते बाटल्यांच्या बुचांच्या कंपनीचे फिरते विक्रेते होते, त्यामुळे बुचांची रड त्यांना रोजची ठाऊक होती. वायू भरलेलं पाणी बाटलीत कोंडायचं तर बूच घट्ट लागतं. बूच सुकलं की आकसतं आणि वायू निसटतो. यावर त्या काळचा उपाय म्हणजे बुडाला टोकदार असलेली अंडाकृती बाटली. ती उभी राहूच शकत नाही, आडवीच ठेवावी लागते, म्हणून बूच कायम ओलं राहतं. कॉड यांनी बुचालाच रजा दिली. १८७२ साली त्यांनी पेटंट घेतलेल्या बाटलीत काचेची गोटी आणि गळ्यात बसवलेलं रबरी कडं, एवढ्यावर काम भागलं. बाटली भरताना उलटी करायची. गोटी आपल्या वजनाने तोंडाकडे घरंगळते, आतल्या वायूचा दाब तिला रबरावर रेटून धरतो, आणि मग बाटली सरळ केली तरी ती जागची हलत नाही. जितका दाब जास्त, तितकं झाकण घट्ट.

गळ्याजवळ जी चिमटी काढलेली असते, तिथे पुन्हा वेगळी अक्कल आहे. काचेला आतल्या बाजूने दोन उंचवटे असतात. ओतताना बाटली त्या अंगाने धरली की गोटी उंचवट्यांना अडकून राहते आणि तोंडाशी येऊन धार अडवत नाही. सवयीचा सोडावाला बाटली हातात घेतानाच ती बरोबर त्या अंगाने फिरवतो, त्याला बघावं लागत नाही. तुम्हाला हे मी सांगायला नको.

कॉड १८८७ मध्ये वारले. १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या दातेरी बुचाचं पेटंट घेतलं. ते झाकण स्वस्त होतं, यंत्राने झटपट बसत होतं, आणि हळूहळू इंग्लंडमधून गोटीची बाटली हद्दपार झाली. पोरांनी गोट्यांसाठी बाटल्या फोडल्या, म्हणून तिथे आज अखंड बाटली जपून ठेवण्याजोगी वस्तू झाली आहे. ती रोजच्या वापरात उरली ती आपल्याकडे, आणि जपानमध्ये ‘रामुने’ नावाच्या पेयासाठी. ‘रामुने’ हे नाव ‘लेमोनेड’चंच जपानी रूप आहे.

आता शब्दाकडे. व्युत्पत्ती तपासताना पहिला प्रश्न एकच असतो: हा शब्द लिहिलेला सर्वांत जुना कुठे सापडतो? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासारखे कोश यावरच उभे आहेत. प्रत्येक अर्थाखाली तारीखवार दाखले असतात, आणि पहिला दाखला हा त्या नोंदीचा कणा असतो.

‘कॉड्सवॉलप’साठी कोशांत दिला जाणारा सर्वांत जुना दाखला १९५९ चा आहे. तो बीबीसीवरच्या ‘हॅनकॉक्स हाफ अवर’ या विनोदी मालिकेच्या संहितेतला आहे. ती संहिता रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन या लेखकजोडीची. त्यानंतर १९६० च्या दशकात हा शब्द ब्रिटिश नियतकालिकांत सर्रास दिसू लागतो.

१८७२ आणि १९५९. मधे ८७ वर्षं. हायरम कॉड जाऊनही तोवर ७२ वर्षं झाली होती. गोटीची बाटली इंग्लंडच्या पबमधून बहुतेक नाहीशी झाली होती. बाटली जेव्हा घरोघरी होती, तेव्हा शब्द कुठेच नाही. आणि शब्द जेव्हा सगळ्यांच्या तोंडी आला, तेव्हा बाटली नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो: बोलीतले शब्द छापायला उशीर होतोच की. होतो. शिव्यांच्या बाबतीत तर शंभर-शंभर वर्षं होतो, कारण छापणारे त्या गाळत. पण ‘कॉड्झ वॉलप’ याचा अर्थ जर खरोखर ‘कॉड साहेबांचं मिळमिळीत पेय’ असा असता, तर त्यात लपवण्यासारखं काय होतं? व्हिक्टोरियन काळातली विनोदी साप्ताहिकं असल्या शब्दांवरच जगत होती. मद्यपानबंदीची चळवळ तेव्हा जोरात होती. दारू न पिणाऱ्यांची टर उडवणं आणि पिणाऱ्यांवर कोरडे ओढणं दोन्ही बाजूंनी रोज चालू होतं. या भांडणात असा आयता शब्द कुणीच वापरला नाही, हे संभवत नाही.

शिवाय त्या काळात बोलीतले शब्द टिपून ठेवणारे जाणकार कमी नव्हते. फार्मर आणि हेन्ली यांचा सात खंडांचा बोलीकोश १८९० ते १९०४ या काळात निघाला. एरिक पार्ट्रिज यांचा बोलीभाषेचा गाजलेला कोश १९३७ चा. या लोकांनी चोरांची भाषा, खलाशांची भाषा, पबमधली भाषा अक्षरशः वेचून आणली. ‘कॉड्सवॉलप’ त्यांच्या जाळ्यात नाही. एक कोशकार चुकू शकतो. पण एकाच प्रकारच्या शब्दांच्या मागे लागलेल्या दोन पिढ्या पबमधला एक साधा, सभ्य शब्द चुकवतील असं मानायला मी तयार नाही.

दुसरा अडसर ‘वॉलप’चा, आणि माझ्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षाही भक्कम आहे. या शब्दाचा प्रवास मोठा रंजक आहे, म्हणून थोडं थांबतो. तो उत्तर फ्रान्समधून नॉर्मन लोकांबरोबर आला. घोड्याची दौड म्हणजे ‘गॅलप’ हा शब्द पॅरिसकडच्या फ्रेंचमधून आला, तर ‘वॉलप’ हे त्याच शब्दाचं उत्तरेकडचं रूप. तिकडे ‘ग’च्या जागी ‘व’ राहिला. म्हणजे ही सख्खी भावंडं. आधी ‘वॉलप’चाही अर्थ घोड्याची दौडच होता. मग भांड्यात रटरटणाऱ्या पाण्याला, त्या खदखद आवाजाला तो लागला. १८३२ च्या सुधारणा कायद्याआधी इंग्लंडच्या काही मतदारसंघांत ज्याची स्वतंत्र चूल पेटते त्याला मत, असा नियम होता. अशा मतदाराला ‘पॉटवॉलपर’ म्हणत, भांडं उकळणारा. मूळ शब्द ‘पॉटवॉलर’, पण लोकांच्या कानाला ‘वॉलप’ ओळखीचा, म्हणून तो आत शिरला. एकोणिसाव्या शतकात ‘वॉलप’ म्हणजे रट्टा, जोरदार तडाखा, हा अर्थ रूढ झाला आणि आजही तोच मुख्य आहे.

बिअर हा अर्थ मात्र १९३० च्या दशकाआधी कोशांना सापडत नाही. म्हणजे १८७० च्या दशकातल्या बिअर पिणाऱ्यांनी कॉड यांच्या पेयाला ज्या शब्दाने हिणवलं म्हणतात, त्या शब्दाला तेव्हा तो अर्थच नव्हता. आधी ‘वॉलप’ म्हणजे बिअर व्हायला हवी, मग ‘कॉडची वॉलप’ हा टोमणा बनेल. आणि बिअर हा अर्थ रुळला तोवर कॉड यांचं नाव पबमध्ये कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं.

तिसरा मुद्दा स्पेलिंगचा सांगतात: कॉड यांच्या नावात शेवटी ‘डी’ दोनदा येतो, शब्दात एकदाच. हा मुद्दा मी फार ताणत नाही. बोलीतले शब्द कानावरून कागदावर येतात, एखादं अक्षर सहज गळतं. व्युत्पत्तीच्या चर्चेत कच्चा पुरावा पक्क्या पुराव्याच्या रांगेत बसवला की पक्क्याचीही किंमत जाते, म्हणून तो बाजूलाच ठेवतो.

इथे या गोष्टीच्या बाजूनेही एक बोललं पाहिजे. पेयाच्या नावाचा पुढे ‘मूर्ख बडबड’ असा अर्थ होणं इंग्रजीत नवीन नाही. ‘बॉल्डरडॅश’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. काही काळ त्याचा अर्थ विजोड पेयांचं मिश्रण असा होता, बिअरमध्ये दूध ओतावं तसलं. सतराव्या शतकात तो अर्थशून्य बोलण्याला लागला, आणि आज तेवढाच उरला आहे. ‘हॉगवॉश’ म्हणजे डुकरांना घालायचं खरकटं पाणी. तेही आधी पातळ, बेचव दारूसाठी आणि मग फालतू बोलण्यासाठी वापरात आलं. म्हणजे पेयाकडून मूर्खपणाकडे जाणारी वाट इंग्रजीत मळलेली आहे. कॉड यांची गोष्ट रचणाऱ्याला भाषेचा कान होता यात शंका नाही. फक्त, वाट आहे म्हणून हा शब्द त्याच वाटेने आला असं ठरत नाही. बाकीच्या दोन शब्दांचे मधले टप्पे कागदावर दिसतात: आधी पेय, मग दोन्ही अर्थ शेजारी, मग नुसती बडबड. ‘कॉड्सवॉलप’चा ‘पेय’ या अर्थाचा एकही दाखला नाही. तो पहिल्यांदा दिसतो तेव्हाच ‘बडबड’ आहे.

पुरावा असलेली व्युत्पत्ती कशी दिसते, त्याचं इंग्रजीतलं उत्तम उदाहरण म्हणजे ‘बंकम’. अर्थ जवळपास हाच: पोकळ, निरर्थक बोलणं. २५ फेब्रुवारी १८२० रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मिसूरीच्या प्रश्नावर चर्चा चालली होती. गुलामगिरी चालू ठेवून त्या प्रदेशाला राज्याचा दर्जा द्यायचा का, हा वाद. सभासद थकले होते, मतदान घ्या म्हणून ओरडत होते. तेवढ्यात उत्तर कॅरोलायनाचे फेलिक्स वॉकर बोलायला उभे राहिले. लोकांनी बसवायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, मला बंकमसाठी बोलायचं आहे. बंकम हा त्यांच्या मतदारसंघातला परगणा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातले कर्नल एडवर्ड बंकम यांच्या नावावरून तो ओळखला जातो. म्हणजे सभागृहात कुणी ऐको न ऐको, गावाकडच्या वर्तमानपत्रात आपलं भाषण छापून आलं की झालं. १८२८ मध्ये, म्हणजे अवघ्या ८ वर्षांत, ‘बंकमसाठी बोलणं’ हा राजधानीतला ठरलेला वाक्प्रचार म्हणून छापून आला. मग तो नुसता ‘बंकम’ झाला, शतकाच्या शेवटी ‘बंक’ असा तुटका झाला, आणि १९२३ मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी त्याच्यावरून ‘डीबंक’ हे क्रियापद घडवलं. थोतांड उघडं पाडणं या अर्थाने आपल्याकडचे पत्रकारही आज ते वापरतात.

या साखळीत माणूस आहे, दिवस आहे, जागा आहे, आणि मुख्य म्हणजे मधली प्रत्येक कडी हाती लागते. कॉड यांच्या गोष्टीत पहिली आणि शेवटची कडी आहे. मधे काहीच नाही.

पण नुसती वर्षं मोजून निकाल देता येत नाही, आणि याचं उदाहरण आपल्या नाशिकजवळचंच आहे. इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला, चळलेला. हा शब्द ‘देवळाली’चा आहे, आणि ही व्युत्पत्ती टिकते. १८६१ च्या सुमारास तिथे ब्रिटिश फौजेची छावणी उभी राहिली. मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी पाठवण्याआधी वेगवेगळ्या पलटणींतून तिथे आणून ठेवत. सैन्य नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. अवेळी पोचलेल्या शिपायाला महिनोन्‌महिने काही काम नाही, कवायत नाही, जहाज नाही. उन्हाळा, मलेरिया, दारू आणि रिकामं डोकं. अशा माणसाला ‘डूलॅली टॅप’ झालाय म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे सैनिकी हिंदुस्थानीतला ‘तप’, आपला ‘ताप’. देवळालीचा ताप.

आता तुम्ही म्हणाल, सैनिकी बोलीच्या कोशात हा शब्द १९२५ ला येतो, फ्रेझर आणि गिबन्स यांच्या. छावणी १८६१ ची. मधे ६४ वर्षं. मग ८७ वर्षांची अडचण का आणि ६४ ची का नाही?

हा प्रश्न नेमका आहे, आणि उत्तर वर्षांत नाही. पहिली गोष्ट, देवळालीचं नाव शब्दात जसंच्या तसं बसलं आहे, गोऱ्या शिपायाच्या जिभेने वळवलेलं. दुसरी गोष्ट, त्याच्या जोडीचा ‘टॅप’ हा हिंदुस्थानी शब्द आहे. इंग्लंडमध्ये बसून कुणी हा जोडशब्द बनवणं शक्य नाही, तो इथेच बनला. तिसरी, वापरणारी माणसं तीच, जी त्या छावणीत राहिली. फ्रँक रिचर्ड्स नावाचा वेल्श पलटणीतला शिपाई १९०० च्या दशकात हिंदुस्थानात होता. १९३६ मध्ये छापलेल्या आठवणींत तो देवळालीतल्या या रखडपट्टीचं वर्णन करतो आणि हा शब्द शिपायांच्या तोंडचा म्हणून देतो. म्हणजे जागा, माणसं, भाषा आणि अर्थ, चारही एकाच ठिकाणी भेटतात. छापायला उशीर का झाला तेही उघड आहे: साध्या शिपायांचं बोलणं पहिल्या महायुद्धानंतरच कुणी कोशात घ्यायला लागलं.

देवळालीच्या बाबतीतही एक पुरवणी गोष्ट चिकटली आहे, ती वेगळी काढली पाहिजे. तिथे वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं, म्हणून शब्द आला, असं बरेच जण सांगतात. शिपायाच्या आठवणींत कारण येतं ते ताटकळण्याचं, दारूचं आणि आजाराचं. तेवढंच धरावं. खऱ्या व्युत्पत्तीलाही लोक आपल्या मनाने मजला चढवतात, तो उतरवताना खालची भिंत पाडायची नसते.

मग ‘कॉड्सवॉलप’ आला कुठून? कोश ‘उगम अज्ञात’ असं लिहितात, आणि कोशाच्या नोंदीत तेच योग्य आहे. त्याच्या दोन तुकड्यांबद्दल मात्र काही सांगता येतं. ‘कॉड’ला इंग्रजीत मासा सोडून आणखी दोन अर्थ आहेत. एक, थट्टा किंवा फसवणूक. एकोणिसाव्या शतकापासून ‘कॉड’ म्हणजे कुणाची फिरकी घेणं, आणि आयर्लंडमध्ये हे आजही कानावर येतं. दुसरा अर्थ फार जुना: पिशवी, आणि त्यावरून पुरुषाचे वृषण. सोळाव्या शतकातल्या युरोपियन चित्रांत पुरुषांच्या विजारीपुढे जी फुगीर पट्टी दिसते, तिचं नाव ‘कॉडपीस’ यावरूनच.

मला हा दुसरा धागा जास्त वजनाचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. ब्रिटिश बोलीत मूर्ख बडबडीसाठी वृषणांचे शब्द वापरण्याची पद्धत ठाम आहे. ‘बॉल्स’, ‘बॉलक्स’ हे उघड. ‘कॉबलर्स’ हा झाकलेला: चांभाराच्या आरीला ‘कॉबलर्स ऑल्स’ म्हणतात, त्याचं ‘बॉल्स’शी यमक जुळतं, मग यमकाचा शब्द गाळून उरलेला अर्धा बोलायचा, ही लंडनच्या कॉकनी लोकांची जुनी रीत. आणि हा शब्द येतो तो ‘अ लोड ऑफ ओल्ड कॉबलर्स’ अशा रूपात. ‘कॉड्सवॉलप’ही याच चौकटीत बसतो: ‘अ लोड ऑफ ओल्ड कॉड्सवॉलप’. ‘बडबड’ या अर्थाने दोन्ही शब्द साधारण एकाच काळात, १९५० च्या दशकात, एकाच प्रकारच्या तोंडांतून दिसू लागतात.

यात बीबीसीचाही हात असावा असं मला वाटतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीने विनोदी कार्यक्रमांच्या लेखकांसाठी नियमांची हिरव्या वेष्टनातली पुस्तिका काढली होती आणि अश्लील सूचक विनोदांवर कडक बंदी घातली होती. अशा वेळी लेखकाला हवा असतो तो ऐकायला शिवीच्या अगदी काठावरचा, पण पकडायला गेलं तर हाती काहीच न लागणारा शब्द. पुढे ‘कॉड’ आणि मागे दणकट ‘वॉलप’, म्हणजे रट्टा. आवाज भरीव, अर्थ निसटता. शब्द त्या संहितेतच जन्मला असं मी म्हणत नाही. बहुधा तो लोकांच्या तोंडी आधी काही वर्षं फिरत असावा आणि दूरचित्रवाणीने त्याला घराघरांत नेलं. हे माझं अनुमान आहे, नोंदीत लिहिण्याचा पुरावा नव्हे. दोन्हींतला फरक तुम्ही ठेवलात तर माझ्या म्हणण्याचा उपयोग आहे.

कॉड यांची गोष्ट बनली कशी, तेही समजण्यासारखं आहे. शब्द प्रचारात आला, कुणालाच उगम माहीत नाही, आणि समोर एक जुनी बाटली आहे जिच्यावर काचेतच ‘कॉड’ हे नाव उठवलेलं आहे. ज्याने कुणी पहिल्यांदा हे दोन एकत्र पाहिले, त्याला उत्तर सापडल्यासारखं वाटलं असणार. पुढे ते तोंडातोंडी पसरलं. आज ते शेकडो ठिकाणी छापलेलं दिसतं. शंभर ठिकाणी तेच वाक्य दिसलं म्हणजे शंभर पुरावे झाले असं नसतं. बहुतेक वेळा तो एकच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवलेला असतो. पुतण्याला दोष देऊ नका, त्याने जे वाचलं ते प्रामाणिकपणे कळवलं.

फलकासाठी माझी सूचना अशी: ‘ही बाटली १८७२ साली इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी शोधली. तिला बूच नाही. आतल्या वायूचा दाबच गोटीला घट्ट धरतो.’ एवढ्या ओळी पुरतात, आणि त्या कुणीही तपासून पाहिल्या तरी टिकतील. शेजारी बाटलीचं उभं छेदचित्र काढून घ्या, रबरी कडं आणि ते दोन उंचवटे दाखवणारं. मुलं थांबून बघतील.

आणि हे प्रकरण पुढे न्यायची तुमची इच्छा असेल, तर तुम्ही इंग्लंडमधल्या अभ्यासकांपेक्षा एका बाबतीत सोयीच्या जागी आहात. ब्रिटिश शिपाई आणि अंमलदार मुंबई-पुण्याच्या छावण्यांत सोडा भरपूर पीत. पालनजी १८६५ मध्ये, ड्यूक्स १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाल्या, आणि अशा सोडा कंपन्यांच्या जाहिराती त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत येत. सोडा आणि गोरा शिपाई जिथे रोज भेटत होते, तिथे ‘कॉड्झ वॉलप’ हा टोमणा असता तर तो इथल्या कागदांतही पडला असता. तुमच्या घरातली जुनी दरपत्रकं, बिलं, यंत्रासोबत आलेली माहितीपत्रकं फेकू नका. १८७२ ते १९३० या काळातला, तारीख असलेला एक कागद, ज्यात ‘वॉलप’ हा शब्द कॉड यांच्या नावाजवळ पेयासाठी वापरला आहे, एवढं पुरेल. सापडला तर त्या ओळीचाच नव्हे, पूर्ण पानाचा फोटो काढा, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख त्यात येऊ द्या, आणि ऑक्सफर्डच्या कोशाला पाठवा. १८७९ मध्ये त्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांना दाखले पाठवण्याचं जाहीर आवाहन केलं होतं. सामान्य वाचकांचे दाखले तिथे तेव्हापासून घेतले जातात आणि आजही घेतात. असा कागद आला तर वर लिहिलेलं सगळं मला पुन्हा तपासावं लागेल, आणि ते मी आनंदाने करीन.